उजनीचा शून्य, पृथ्वीचा शून्य

जागतिक बदलांवर मराठीत लिहू पाहणारी मुलंमुली अधूनमधून घरी येतात, हे त्यांच्यासाठी. या विषयावरचं चार पानी वार्तापत्र मी सोलापुरातून सतरा वर्षं काढलं. सध्या जुने अंक युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. हरितगृह वायू, आयपीसीसी (हवामानबदलाच्या अभ्यासाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती), पॅरिस करार हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मी जिथे आपटलो, तेवढं मात्र सविस्तर सांगायचं आहे.

२०२५चा जानेवारी अंक. गड्ड्याची यात्रा तोंडावर, छापखाना दोन दिवस बंद राहणार, म्हणून घाई. मथळा दिला : '२०२४ – नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष'. खाली तापमानवाढीची चौकट : २०२३ – १.४८ अंश, २०२४ – १.२८ अंश. दोन्ही आकडे अधिकृत, दोन्ही मी स्वतः तपासलेले. अंक टपालात पडला आणि चार दिवसांनी बार्शीहून एका निवृत्त भूगोल शिक्षकांचा फोन आला. "अहो, मथळा खरा धरू की चौकट?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न आजही कानात आहे.

घोळ असा होता. १.४८ हा युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेचा आकडा, १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा किती जास्त, ते सांगणारा. १.२८ नासाचा, तो मोजला जातो १९५१ ते १९८० च्या सरासरीपासून. तोवर पृथ्वी आधीच थोडी तापलेली होती, म्हणून तिथून मोजलं की वाढ कमी दिसते. कोपर्निकसचाच २०२४चा आकडा १.६० होता. आणि त्याच संस्थेने त्याच वर्षासाठी ०.७२ असाही आकडा दिला, कारण तो १९९१ ते २०२० च्या तुलनेत होता. जागतिक हवामान संघटनेने सहा माहितीसंच एकत्र करून १.५५ सांगितलं. वर्ष एकच आणि पृथ्वीही तीच, पण शून्य कुठे धरला ते प्रत्येकाचं वेगळं.

सोलापूरकराला हे कळायला हवं होतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आपलं उजनी धरण, म्हणजे उजनी, 'वजा' कशी होते, ते आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. २०२४ मध्ये ती वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, तरी धरणात पाणी होतं. कारण उजनीचा शून्य हा तळाचा नसून मृतसाठ्याच्या, म्हणजे उपयुक्त न धरलेल्या तळच्या पाण्याच्या, रेषेचा आहे. सुमारे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात जवळजवळ ६४ टीएमसी त्या रेषेखाली आहे. एकाने एकूण साठा सांगितला, दुसऱ्याने उपयुक्त साठा, आणि तुम्ही दोन्ही एका रकान्यात मांडले, तर धरण एका रात्रीत भरल्यासारखं दिसेल. मी पृथ्वीच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं.

पावसातही हा खड्डा आहेच. देशाच्या मान्सूनची दीर्घकालीन सरासरी आधी ८९ सेंटीमीटर होती, मग ८८ झाली, आता १९७१ ते २०२० वरून ८७ आहे. 'सरासरीच्या ९६ टक्के' हे वाक्य २०१० च्या आणि २०२४ च्या बातमीत एकाच अर्थाचं नाही. म्हणून माझं ठाम म्हणणं : ज्या आकड्याशेजारी संदर्भकाळ, म्हणजे तुलना कोणत्या वर्षांच्या सरासरीशी आहे ते, लिहिता येत नाही, तो छापूच नका. जागा नसेल तर छायाचित्र वगळा. संपादक कुरकुरला तरी ऐकू नका.

घाबरू नका, एवढं सांभाळलंत की बाकीचं सरावाने येतं. पहिले दोन-तीन अंक कच्चेच निघतात, माझेही निघाले.

इंग्रजी प्रसिद्धीपत्रक यंत्राकडून भाषांतरित करून घेण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. तशा मजकुरात संदर्भकाळाचं अर्धं वाक्य सगळ्यात आधी गळतं, आणि तुम्हाला ते कळतही नाही. मार्गदर्शक शोधत मोठ्या नावांच्या मागे धावणंही मला पटत नाही. ती माणसं पाठ थोपटतात, पण चौकट वाचत नाहीत. मला उपयोगी पडले ते बार्शीचे सर आणि केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या वाटेवर बाग असलेला एक शेतकरी, जो प्रत्येक अंकानंतर 'म्हणजे माझ्या बागेचं काय?' एवढंच विचारायचा.

त्याच्यामुळेच विषय तापमानापुरता राहिला नाही. जागतिक बदल म्हणजे जमिनीचा वापर, नत्राचं चक्र, गवताळ रानं हे सगळं आलं. या व्यापक अर्थाने १९८७ पासून २०१५ पर्यंत आयजीबीपी हा पृथ्वी आणि तिच्यावरच्या जीवसृष्टीतले बदल अभ्यासणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालला. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी आणि त्याचं माळरान त्याच चौकटीत बसतं, त्यासाठी ध्रुवापर्यंत जायला नको.

जुन्या अंकांत अशा सरमिसळीच्या आणखी नऊ चौकटी सापडल्या आहेत. मूळ आकडा तसाच ठेवून खाली तारखेसह दुरुस्ती लिहितो आहे. सहा झाल्या. उरलेल्या तीनची कात्रणं बार्शीला पाठवली आहेत. सरांचा फोन आला की त्या हातात घेईन.