आधारचं झेरॉक्स देताय? मग आधी हे करून घ्या

आपली ओळख चोरायला दरवेळी कोणी हॅकर लागत नाही, निम्मं काम आपणच करून देतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज भरायचाय, दे आधार. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, दे आधार. सौहार्द सहकारी सोसायटीत आरडी काढायची, दे आधार आणि पॅन पण. सिम, गॅस, पोरांचं ॲडमिशन, भाड्याचं घर, सगळीकडं झेरॉक्स, आणि त्यातली किती कुठं पडून आहेत हे आपल्यालाच माहीत नसतं. भडंगाची पुडी सोडली आणि आतल्या बाजूला कुणाचातरी फोटो, जन्मतारीख, नंबर, असं पण होतंय की.

कागद देऊच नका असं मी म्हणणार नाही, तसं करून इथं एक काम पुढं सरकणार नाही. दिलेला कागद दुसऱ्या कामाला चालणार नाही एवढं बघायचं.

झेरॉक्सच्या दुकानापासून सुरवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच. बेळगावात कॉलेज रोडला नाहीतर बस स्टँडसमोर गर्दीत उभं राहून आपण दुकानदाराच्या नंबरवर आधार, पॅन, पासबुक सगळं व्हॉट्सॲप करतो, प्रिंट हातात आली की पैसे देऊन निघतो, आणि फाईल राहते त्याच्या कॉम्प्युटरवर. दुकानदार चांगला असेल हो, पण तो कॉम्प्युटर दिवसभर कोण कोण वापरतंय? म्हणून प्रिंट झाली की तिथंच उभं राहून त्याला चॅटमधनं, डाउनलोड्समधनं आणि रिसायकल बिनमधनं पण फाईल काढायला लावायची, आपल्या बाजूनं 'डिलीट फॉर एव्हरीवन' मारायचं, आणि काळी किंवा वाकडी आलेली प्रिंट तिथल्या डब्यात न टाकता घरी आणून फाडायची. लाज वाटून घ्यायची नाही, शांतपणे सांगितलं की लोक ऐकतात.

झेरॉक्स देताना त्यावर पेननं आडवं लिहा, कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, आणि सही अशी करा की अर्धी फोटोवर येईल. 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' असं लिहिलेला कागद सिम काढायला वापरायला अवघड जातो. कोपऱ्यात बारीक लिहू नका, तेवढा भाग झाकून परत झेरॉक्स काढता येते.

जिथं नुसती ओळख दाखवायची, म्हणजे लॉज, भाड्याची खोली वगैरे, तिथं मास्क्ड आधार द्या. मायआधार या सरकारी साईटवरनं डाउनलोड करताना तसा ऑप्शन येतो, मग १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. २०२२ च्या मे महिन्यात बेंगळूरच्या आधार ऑफिसनं, झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड द्या असं पत्रक काढलं होतं आणि दोनच दिवसांत वरनं ते मागं घेतलं गेलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. मला विचाराल तर पहिलंच बरोबर होतं. आणि डाउनलोड केलेल्या त्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निवांत राहू नका, तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष, तुम्हाला ओळखणारा कोणीपण उघडेल. बसमध्ये बायकांना शक्ती योजनेचं फुकटचं झिरो तिकीट घेताना तर कंडक्टरला नुसतं दाखवायचं असतं, तिथं हातात काही सोडायचा प्रश्नच नाही.

आता अंगठा. हे नीट वाचा, कारण यात ओटीपी येतच नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या बँक मित्राच्या मशीनवरनं पैसे निघतात, त्याला एईपीएस म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना सोय चांगली आहे, पण २०२३ मध्ये मंगळूर, बेंगळूरकडं तक्रारी आल्या की जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, नकली बनवून लोकांच्या खात्यातनं पैसे काढले. ते दस्त कर्नाटकच्या दस्त नोंदणीच्या कावेरी पोर्टलवर होते, मग सरकारला ठसे झाकायला लागले. आपल्याकडं वाटणीपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र कोणाच्या घरात झालं नाही सांगा, म्हणजे ठसे सगळ्यांचेच कुठंतरी आहेत.

उपाय फुकटचा आहे. आधारच्या सरकारी ॲपमध्ये नाहीतर मायआधारवर लॉगिन करून बायोमेट्रिक लॉक करून टाका. पण एक सांगतो जे सहसा कोणी सांगत नाही, लॉक असताना रेशन दुकानात पण अंगठा चालणार नाही, सिम घेताना पण नाही. रांगेत उभं राहून दुकानदाराशी भांडण काढण्यापेक्षा घरनं निघताना थोड्या वेळासाठी अनलॉक करून जा. आई-वडिलांचं करणार असाल तर रेशन आणायला कोण जातं ते बघून त्याला आधी सांगा. आणि अंगठ्यानं पैसे काढायची गरजच नसेल तर बँकेत जाऊन एईपीएस बंद करता येईल का विचारा. कुठं कुठं आधार वापरलं गेलं त्याची ६ महिन्यांची हिस्टरी पण मायआधारवर दिसते, अधनंमधनं बघत जा.

या सगळ्याला आधारला जोडलेला मोबाईल चालू पाहिजे, आणि सीमाभागातली खरी अडचण हीच. मुलगी चंदगडची नाहीतर गडहिंग्लजची, लग्न होऊन आली खानापूरला, आधारवर माहेरचा पत्ता आणि नंबर वडिलांचा, किंवा जुनं महाराष्ट्रातलं सिम जे रिचार्ज न करता कधीच बंद पडलं. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, मग तुमचे बँकेचे मेसेज, ओटीपी सगळं तिसऱ्याच माणसाच्या फोनवर. तेव्हा सिम बदलायच्या आधी आधारचा आणि बँकेचा नंबर बदलायचा, नंतर नव्हे. आधारला जोडलेला नंबर आधार सेंटरला स्वतः जाऊन बदलता येतो.

सिमवरनंच पुढचं. संचार साथी या सरकारी साईटवर किंवा ॲपवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते ओटीपी घालून बघता येतं, ओळखीचा नसेल त्यावर 'नॉट माय नंबर' दाबायचं. आपल्याच खानापूर तालुक्यात २०२५ ला एका वयस्क जोडप्याला 'तुमच्या नावावर सिम काढून गुन्हा झालाय' असं सांगून फोनवरनं घाबरवलं, पैसे उकळले, आणि शेवट फार वाईट झाला. डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरनं अटक, असलं काही कायद्यात नाहीच. घरातल्या मोठ्यांना ही यादी एकदा आपल्या मोबाईलवर दाखवून ठेवा, म्हणजे असा फोन आला तर त्यांना पहिल्यापासनं माहीत असेल की आपल्या नावावर दोनच सिम आहेत आणि दोन्ही घरात आहेत.

पॅनचं बघायचं कर्जासाठी. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या या चौघा कंपन्यांकडनं वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तीन-तीन महिन्यांनी एकेकाचा काढला की वर्षभर लक्ष राहतं. महिला संघातनं घेतलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज पण त्यात दिसतं, त्यामुळं 'अक्का तू नुसती सही कर, पैसे मी भरते' वालं प्रकरण असेल तर ते पण उघडं पडतं. सोसायट्यांचं सगळं दिसेलच असं नाही. न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्याच साईटवर डिस्प्यूट टाका, ३० दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. धंदा नसताना आपल्या पॅनवर कोणी जीएसटी नंबर काढलाय का, ते पण जीएसटी पोर्टलवर पॅन घालून शोधता येतं.

'गृहलक्ष्मीचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा' म्हणणारा फोन मराठीत येऊ दे, कन्नडात येऊ दे, कट करा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप टाकणारी फाईल उघडायची नाही, विषय संपला.

एवढं करून पण पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, तिथनं पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात म्हणून पहिला तासभर सगळ्यात महत्त्वाचा. मग बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर नाही, उशीर केला की थोडा येतो. बेळगावात सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणारं पोलीस ठाणं आहे, तिकडं जाताना स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, १९३० नं दिलेला तक्रार नंबर घेऊन जा, कन्नड लिहिता येणारं कोणीतरी बरोबर असू दे, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका, बँक तोच कागद मागते.