फळझाडांवर संशोधन करायचंय? आधी झाडाचं वेळापत्रक बघा

पीएचडीचे पहिले तीन महिने माझ्या ट्यूबच्या तळाशी रोज तपकिरी, चिकट गोळी दिसायची. आंब्याच्या पानांतून डीएनए काढत होतो. पान वाटलं की त्यातले पॉलिफेनॉल (पानांतली तुरट रसायनं) हवा लागून तपकिरी होतात आणि डीएनएला धरून बसतात. पॉलिसॅकराइडही (साखरेच्या लांब साखळ्या) त्याच्यासोबतच खाली उतरतात, द्रावण शेंबडासारखं होतं. डीएनएची शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर (त्या दोन नॅनोमीटर तरंगलांबींवर शोषलेला प्रकाश) १.८ आलं की मला वाटायचं, जमलं. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) मात्र कोरा! खरी तक्रार अशा भेसळीचा सुगावा देणाऱ्या २६०/२३० च्या आकड्यात दिसत होती, तिकडे मी बघतच नव्हतो.

उपाय साधे आहेत, पण प्रत्येक झाडासाठी ते नव्याने बसवावे लागतात. कोवळी पानं घ्या, लिक्विड नायट्रोजनमध्ये वाटा, बफरमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) जाईपर्यंत पूड वितळू देऊ नका. सीटॅब नावाच्या बफरमध्ये पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी आणि तपकिरी होणं रोखणारं, त्याच दिवशी मिसळलेलं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल हवं (फ्यूम हूडमध्येच). पिकल्या गरातून आरएनए काढताना लिथियम क्लोराइडने खाली बसवण्याची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटली.

प्रयोगशाळेतली अडचण महिन्यांत सुटते, बागेतली वर्षं खाते. बियांपासून वाढवलेलं सफरचंदाचं झाड फळायला साधारण ५ ते ८ वर्षं घेतं, म्हणजे तुमची पीएचडी संपेपर्यंत फळ दिसेलच असं नाही. म्हणून विषय ठरवण्याआधी मार्गदर्शकांना विचारा: झाडं आत्ता उभी आहेत का, किती वर्षांची आहेत, त्यांचे आईबाप कोण? मी हे विचारलं नव्हतं.

बहुतेक फळझाडं विषमयुग्मी असतात (अनेक जनुकांच्या आईबापांकडून आलेल्या दोन प्रती वेगळ्या) आणि सफरचंदासारखी काही तर स्वतःचे परागकण नाकारतात. भातासारख्या शुद्ध ओळी इथे सहजी मिळत नाहीत. २००७ मध्ये द्राक्षाचा जीनोम वाचताना पुन्हा पुन्हा स्वपरागण करून जवळपास समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) केलेली ओळ मुद्दाम निवडली होती, ती याच कारणाने. आणखी एक सापळा बहुभ्रूणतेचा. लिंबूवर्गीय फळांत आणि आंब्याच्या काही वाणांत एकाच बीमधून अनेक रोपं येतात, त्यांतली बरीचशी आईचीच हुबेहूब नक्कल असतात. मी एक अख्खा हंगाम अशा रोपांना संकर समजून पाणी घातलं. एसएसआर मार्करने (डीएनएतल्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या खुणेने) आधी तपासा, मग मोजा.

जैवरसायनात तर नमुना घेणं हाच अर्धा प्रयोग. केळं, आंबा, सफरचंद तोडल्यावरही इथिलीन वायूच्या जोरावर पिकत राहतात. सकाळी तोडतानाचं फळ आणि दुपारी गोठवतानाचं तेच फळ ही दोन वेगळी माणसं समजा. रक्तसंत्र्याचं उदाहरण मला फार आवडतं. त्याचा लाल रंग रुबी नावाच्या जनुकाशेजारी येऊन बसलेल्या उड्या मारणाऱ्या डीएनएमुळे आहे, आणि तो खुलायला थंडी लागते. बागेचं तापमान लिहून ठेवलं नसेल, तर अशा झाडाच्या अँथोसायनिनच्या (त्या लाल रंगद्रव्याच्या) आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

एकाच झाडाची तीन फळं म्हणजे तीन रेप्लिकेट (स्वतंत्र नमुने) नव्हेत, तीन झाडं हवीत. फळं एकाच उंचीवरची आणि उन्हाच्या एकाच बाजूची घ्या. वय मोजा ते फूल उमलल्या दिवसापासून, त्यासाठी फुलांनाच टॅग बांधा. टॅगवर पेन्सिलने लिहा, शाई पहिल्या पावसात जाते. आणि टॅग नेहमी दुप्पट बांधा, कारण निम्मी फळं गळून पडली तरी शेवटच्या टप्प्याला नमुने उरायला हवेत.