कोकणात राहून नीट कसं खावं, आणि मनातलं काम हातात कसं घ्यावं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांच्या परड्यात फणस, रातांबा (कोकम), शेवगा, अळू सगळं उभं असतं, आणि सकाळी घरात मात्र चहाबरोबर बटर नाहीतर पाकिटातली बिस्किटं खाल्ली जातात. याच घरांतून दोन वाक्यं सारखी कानावर येतात. एक, ‘अकरा वाजले की अंगात त्राण राहत नाही.’ दुसरं, ‘मला कधीपासून एक काम करायचं होतं, पण…’ बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. म्हणून हा लेख दोन्हींसाठी आहे. सुरुवात खाण्यापासून करायची, कारण सकाळी काय खायचं हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. स्वतःसाठी एक गोष्ट ठरवून ती रोज पाळता आली की पुढचं मोठं ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

खाण्यात लगेच काही बदलू नका. एक वही घ्या आणि रात्री त्यात लिहा: आज जे खाल्लं त्यातलं परड्यातलं किती, बाजारातलं ताजं किती, पाकिटातलं किती. आठवड्याने वही वाचलीत की कुठे हात घालायचा ते आपोआप दिसेल. बऱ्याच घरांत ती जागा सकाळची न्याहारी आणि संध्याकाळी पाचचा चहा हीच निघते. वही जपून ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

सकाळची पेज परत आणा

उकड्या तांदळाची पेज म्हणजे गरिबाचं खाणं, असं कुणीतरी आपल्या मनात भरवून दिलं. खरं तर भात सालासकट उकडताना सालीजवळची ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, आणि कमी कांडलेल्या तांबूस तांदळात कोंडाही राहतो. एक वाटी उकडे तांदूळ धुऊन रात्री भिजत घाला. सकाळी सात-आठ वाट्या पाण्यात मंद आंचेवर शिजवा. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. मीठ शेवटी, चिमूटभर. सोबत खोबऱ्याची कातळी, परतलेली एखादी पालेभाजी किंवा कुळथाची पिठी घ्या. नुसती पेज आणि लोणचं खाल्लं तर पोट भरतं, पण भूक लवकर परत येते. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे पिठीची जोड मिळाली की ती न्याहारी जेवणापर्यंत टिकते. मधुमेह असेल तर पेजेचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, शेवटी तो भातच आहे.

ज्यांना पेज नको त्यांनी नाचणी घ्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. रात्री ताकात कालवून ठेवलेल्या पिठाची सकाळी आंबील होते, आणि मोड आणून सुकवलेल्या नाचणीचं सत्त्व लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांना चालतं. चांगलं बियाणं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चौकशी करा. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नाचणीचे कोकणाला मानवणारे वाण दिले आहेत.

ताटाचा हिशेब ऋतूवर सोडा

आहाराचा वेगळा तक्ता भिंतीवर लावायची गरज नाही, आपल्याकडे पाऊसच तक्ता लावून देतो. मृग बरसला की आठवडाभरात टाकळा वर येतो. त्याची कोवळी पानंच खुडावीत. मग फोडशी, कुर्डू, भारंगी, आणि श्रावणाच्या आगेमागे फागलं, म्हणजे घाटावरची कंटोळी. शेवळं खाजरी असतात. ती काकडाच्या फळांबरोबर किंवा आमसुलं, चिंच घालूनच करावीत, आणि चिरताना हाताला तेल लावावं. रानभाजी ओळखायला जाणत्या माणसाबरोबरच जा. फोटो बघून भाजी आणू नका, आणि अळंब्यांच्या बाबतीत तर अजिबात धाडस करू नका.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेवढ्यापुरती उन्हाळ्यात सुकवून ठेवलेली सुकट, सोडे, बांगडे काढायचे. मीठ बरंच असतं, म्हणून गरम पाण्यात भिजवून, पिळून मगच वापरा. बोटी पुन्हा सुरू झाल्या की सुरमई-पापलेटाच्या मागे पैसे घालवण्याआधी तारली आणि बांगड्याकडे बघा. ओमेगा-३ त्यांत भरपूर असतं आणि खिशालाही परवडतात. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलंत तर तळणाचं तेलही वाचतं.

एक पदार्थ पूर्ण शिकून घ्या: आगळ

आगळ म्हणजे रातांब्याच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस. इथे मी जरा रेंगाळणार आहे. घरचं खाणं आणि मनातलं काम या दोन्हींची गाठ मला या बरणीत दिसते.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागला की झाडाखाली कुजून जातात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी दरवर्षी किती फळ मातीत जातं ते आपण डोळ्यांनी बघतो. पूर्ण पिकलेले, गर्द लाल रातांबे घ्या. धुऊन फडक्याने कोरडे पुसा, पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. फोडून बिया बाजूला काढा. एक किलो सालींना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडं मीठ घ्यावं. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सालींचा एक थर, मिठाचा एक थर असं भरत जा. ॲल्युमिनियम किंवा तांब्या-पितळेचं भांडं चालणार नाही, आंबट रस ते खातो.

दुसऱ्या दिवशी तळाला रस सुटलेला दिसतो, आधी गुलाबी, मग दिवसागणिक जांभळ्याकडे झुकणारा. रोज कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करा. आठवड्याभराने गाळून घ्या. हे आगळ नीट ठेवलं तर वर्षभर टिकतं. उरलेल्या साली उन्हात वाळवून त्यांची आमसुलं करा. बिया वाळवून ठेवा, त्यांचं तेल निघतं आणि थंडीत पायाच्या भेगांना ते उत्तम.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आगळ खारट असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून लहान चमचाभर. सोलकढीत आगळ घातलं की वरून मीठ नको. रक्तदाब असलेल्यांनी त्याऐवजी मीठ न लावता वाळवलेली आमसुलं साध्या पाण्यात भिजवून कढी करावी.

आता मनातलं काम कागदावर

तीच वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घ्या. एकच काम लिहा. कुणाला घरगुती पदार्थ विकायचे असतात, कुणाला दोन खोल्यांत पर्यटकांची न्याहारी-निवासाची सोय करायची असते, कुणाची पदवी लग्नामुळे राहिलेली असते. ती पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही पुरी करता येते. काम कुठलंही असो, ते येत्या तीन महिन्यांत मावेल एवढं लहान करा. ‘मसाल्याचा उद्योग’ असं लिहू नका. ‘गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी वीस बाटल्या आगळ आणि दहा किलो कुळथाचं पीठ’ असं लिहा. मुदतही आपल्या पंचांगातली ठेवा, शिमगा किंवा चतुर्थी. ती तारीख सगळ्या वाडीला पाठ असते, त्यामुळे टाळता येत नाही.

त्याखाली भीती लिहा, पण रुपयांत. जास्तीत जास्त किती पैसे बुडाले तर घराला धक्का लागणार नाही? दोन हजार? मग त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घालू नका, आणि उधार तर घेऊच नका. ‘लोक काय म्हणतील’ यापुढे त्या लोकांची नावं लिहा. ती तीन-चारच निघतात, आणि त्यातल्या दोघांना तरी तुमचं लोणचं आवडत असतं.

घरात कसं बोलावं

परवानगी मागितल्यासारखं बोलू नका आणि भांडणाच्या तयारीनेही बोलू नका. पदार्थ पुढ्यात ठेवून बोला. आमच्या ओळखीतल्या एका सुनेने सासूबाईंना सोलकढीची वाटी दिली आणि म्हणाली, “आई, ह्या आगळाच्या बाटल्या चतुर्थीक विकूया काय?” त्यांनी चव घेतली, जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “विकूचा म्हटल्यार रोज असाच होवूक व्हया गो. मीठ मी घालतंय, तू बाटल्यांचा बघ.” विचारणं झालं आणि कामाची वाटणीही झाली. ज्येष्ठ माणसाच्या हातात जे कसब आहे, त्याला कामात जागा द्या. सल्ला मागितला की विरोध बराच निवळतो.

नवऱ्याला, भावाला किंवा मुलाला सांगताना वेळेचं बोला: “सकाळी नऊ ते अकरा मला हाक मारायची नाही, तेवढ्यात चहा तुमचा तुम्ही करून घ्या.” पैशांपेक्षा ही गोष्ट मिळवणं कठीण असतं. पण ती पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवली नाही तर पुढे कधीच मिळत नाही.

किंमत काढताना आपले हात मोजा

कोकणातल्या बायका सर्वांत जास्त मार खातात तो इथे. समजा एक किलो नाचणीच्या लाडवांना २६० रुपयांचं सामान लागलं आणि ४० रुपये गॅस व डबा. बहुतेकजणी तीनशेवर पन्नास घालून साडेतीनशे सांगतात. भाजणं, दळण आणणं, वळणं यात तीन तास गेले, त्याचं काय? ताशी ६० रुपये धरले तरी १८० होतात. म्हणजे खर्चच ४८० झाला. त्यावर थोडी नासधूस आणि नफा धरून ५३० ते ५५० सांगायला हवेत. सांगताना जीभ अडखळेल. आरशासमोर किंवा बहिणीसमोर दोनदा मोठ्याने म्हणून बघा. ‘घरीच तर करता, मग इतके कसे?’ असं विचारणाऱ्याला सामानाचा आणि वेळेचा हिशेब शांतपणे सांगा. त्याने नाही घेतलं तरी भाव पाडू नका, फार तर पाव किलोचा डबा पुढे करा.

पहिली विक्री ओळखीत करावी, पण फुकट वाटू नये. फुकट दिलेल्या पदार्थाला सगळेच छान म्हणतात, पैसे मोजलेला माणूस खरं सांगतो.

नकार आला तर

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. तिथे, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ते तसेच परतले, शिकत राहिले, आणि १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांचं विद्यापीठ उभं केलं. आपल्याला नकार येतो तो फार तर एखाद्या दुकानदाराचा. तो आला की त्याच दिवशी वहीत कारण लिहा: भाव, चव, बाटली, की मुदत? एकच कारण तीनदा आलं तर ते बदला. निरनिराळी कारणं येत असतील तर काही बदलू नका, दुसरं दुकान बघा.

कागदपत्रं

विक्री सुरू करण्याआधीच एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी ऑनलाइन करून घ्या. बाटलीवर पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, तुमचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. गावात उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, बचत गट असेल तर त्यात सामील व्हा, जत्रांतल्या आणि प्रदर्शनांतल्या स्टॉलची माहिती तिथे आधी पोचते. यंत्र घ्यायचं झालं तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं होतं. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. जाताना ती वही बरोबर न्या. किती माल केला, किती खपला, किती परत आला, हे महिनावार दाखवता आलं की बँकेतला साहेबही खुर्ची पुढे करतो. आणि घरून निघण्याआधी पेज खाऊन निघा, तिथे रांगेत बराच वेळ जातो.