लाईन दहा गिगाबिटची, डेटा मात्र रांगतोय: विद्यापीठाच्या नेटवर्कमधल्या या चुका टाळा

विद्यापीठाला सेकंदाला १० गिगाबिटची लाईन मिळते, कौतुक होतं, आणि थोड्याच दिवसांत जीनोमवाल्या लॅबची तक्रार येते: दुसऱ्या खंडातल्या केंद्राकडून १ टेराबाइट डेटा उतरवायला दोन दिवस लागले. गणिताने हे काम सुमारे सव्वातेरा मिनिटांचं. मग बैठक बसते आणि १०० गिगाबिटच्या लाईनचा प्रस्ताव तयार होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार. दोन दिवसांत १ टेराबाइट म्हणजे सेकंदाला जेमतेम ४६ मेगाबिट. आधी लाईनच्या वापराचा आलेख उघडून बघा. ती भरलेलीच नसेल, तर मोठी लाईन घेऊन काही फरक पडणार नाही.

पुढची चूक सगळ्यात महागात पडते: चाचणी जवळच्या सर्व्हरवर घेऊन "आमच्याकडे सगळं ठीक आहे" असं कळवून मोकळं होणं. टीसीपीचं, म्हणजे डेटा पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत पाठवून त्यांची पोच घेणाऱ्या नियमपद्धतीचं, गणित अंतरावर चालतं. पॅकेट हरवलं की टीसीपी वेग कमी करतो आणि पोच येत जाईल तसा पुन्हा वाढवतो. पोच १ मिलिसेकंदात येत असेल तर सावरायला वेळ लागत नाही, पण १०० मिलिसेकंद लागत असतील तर तो सावरेपर्यंत पुढचं पॅकेट हरवलेलं असतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या संशोधन नेटवर्कने स्वतःकडचं एक उदाहरण प्रसिद्ध केलं आहे. राउटरमधलं एक बिघडत चाललेलं कार्ड दर २२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट गाळत होतं, आणि राउटरची स्वतःची देखरेख त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. टीसीपीच्या वेगासाठी १९९७ पासून वापरात असलेल्या ठोकताळ्यात हा आकडा घाला: १ मिलिसेकंदाच्या अंतरावर सुमारे १.७ गिगाबिट मिळतात, १०० मिलिसेकंदांवर फक्त १७ मेगाबिट. टीसीपीचा वेग वाढवण्याच्या हल्लीच्या क्युबिक पद्धतीत आकडा थोडा सुधारतो, पण गिगाबिटच्या जवळपासही जात नाही. म्हणजे कॅम्पसमध्ये कुणाला काही जाणवत नाही आणि दूरच्या डेटावर काम करणारा संशोधक एकटाच ओरडत राहतो. त्याचं ऐका. मग फायबरची टोकं साफ आहेत का, प्रकाशाची पातळी घसरली आहे का, पोर्टवर चुकीच्या फ्रेम (खराब झालेले डेटाचे तुकडे) मोजल्या जात आहेत का, हे एकेक तपासा. मळलेला कनेक्टर हे कारण फार क्षुल्लक वाटतं, म्हणून त्याची पाळी शेवटी येते. ती आधी यायला हवी.

पॅकेट एकही हरवत नसेल, तरी मशीनच्या सेटिंग अडवू शकतात. १० गिगाबिट आणि १०० मिलिसेकंद म्हणजे कोणत्याही क्षणी १२५ मेगाबाइट डेटा वाटेत असायला हवा. अनेक लिनक्स मशीनवर घेणाऱ्या बाजूच्या टीसीपी बफरची (आलेला डेटा तात्पुरता साठवण्याच्या जागेची) कमाल मर्यादा ६ मेगाबाइट असते. त्यात एका प्रवाहाला ५०० मेगाबिटच्या वर जाता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच. ही मर्यादा दोन्ही टोकांना वाढवावी लागते. एकाच टोकाला वाढवून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे बरेच. आणि हे बदल डेटा हलवणाऱ्या खास मशीनवर करा, ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर नको.

फायरवॉलबद्दल बोलायचं म्हणजे सुरक्षा विभागाची नाराजी ओढवून घ्यायची, पण इलाज नाही. कॅम्पसचं फायरवॉल हजारो लहान जोडण्यांसाठी बनवलेलं असतं. एकच प्रचंड प्रवाह आला की त्याचे बफर भरतात आणि पॅकेट गळू लागतात. कधी नडतो तो एखादा 'संरक्षक' पर्याय. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असंच झालं. फायरवॉलची पॅकेटांची क्रमांक-तपासणी टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी वाटेत ठेवता येणारा डेटा) वाढवण्याच्या सोयीत ढवळाढवळ करत होती. विंडो ६४ किलोबाइटवर अडकली आणि गिगाबिटच्या मशीन ५० मेगाबिटच्या आसपास घुटमळत राहिल्या. यावर ईएसनेटने मांडलेली सायन्स डीएमझेड ही रचना आता अनेक विद्यापीठांत रुळली आहे: डेटा हलवणाऱ्या मशीन कॅम्पसच्या कडेला, मुख्य फायरवॉलच्या बाहेर ठेवायच्या आणि राउटरवरच्या नियमांनी फक्त ठरावीक पत्ते व पोर्ट उघडायचे. त्या मशीनवर ईमेल नाही, ब्राउझर नाही. 'फायरवॉलच्या बाहेर' म्हणजे 'उघड्यावर' असा अर्थ काढून कुणी तिथे विभागाची वेबसाइटही बसवली, तर मात्र सुरक्षा विभागाचा राग रास्त.

लॉगिन होतं, फायलींची यादी दिसते आणि कॉपी सुरू केली की सगळं गोठतं? मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, बघा. एका टोकाला ९००० बाइटची जम्बो फ्रेम, मध्ये कुठेतरी १५००, आणि 'पॅकेट मोठं आहे' असं परत कळवणारा आयसीएमपी संदेश सुरक्षेच्या नावाखाली सरसकट बंद, ही ती नेहमीची तिकडी. आयसीएमपी पूर्ण बंद करू नका. आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या नियमपद्धतीत तर वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत, त्यामुळे तो संदेश अडवला की सगळंच अडतं.

एक चूक निव्वळ कागदोपत्री असते. संशोधन नेटवर्कचं सदस्यत्व घेतलेलं असतं, पण विद्यापीठाचे काही पत्ते तिकडे जाहीरच केलेले नसतात, आणि वाहतूक व्यावसायिक इंटरनेटवरून जात राहते. ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवणारी आज्ञा) दोन्ही दिशांनी घ्या, कारण जायची वाट आणि यायची वाट सारखी असेलच असं नाही.

बाकीचं झटपट. एससीपी या साध्या कॉपी करण्याच्या आज्ञेने टेराबाइट ओढू नका, त्याची आतली विंडो लांबच्या अंतराला अपुरी पडते. ग्लोबससारखी समांतर प्रवाह वापरणारी साधनं घ्या. लाखो बारक्या फायली असतील तर आधी त्यांचं एक गाठोडं करा. आणि साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडदोनशे मेगाबाइट, म्हणजे दीड गिगाबिटच्या आसपासच देते. त्यापुढचा दोष नेटवर्कच्या माथी मारू नका. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाची चाचणी एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत होते, म्हणून ती वेगवान आणि प्रत्यक्ष कॉपी संथ असेल तर संशय डिस्कवर घ्यायचा.

पर्फसोनार हे नेटवर्कची सतत मोजणी करणारं साधन बसवायचं ते तक्रार आल्यावर नाही, सगळं सुरळीत असताना. नीट चालतं तेव्हाचे आकडे हाताशी नसतील, तर बिघडलं कधी हेच सांगता येत नाही. तक्रार वर पाठवताना 'नेट स्लो आहे' एवढंच लिहू नका. दोन्ही टोकांचे पत्ते, वेळ, टाइमझोन, दोन्ही दिशांचे मार्ग आणि पॅकेट गळतीचा आलेख जोडा. पलीकडच्या अभियंत्याचा पहिला ईमेल नाहीतर हेच मागायला येतो आणि त्यात दोन दिवस जातात.