कोचला काढलं, आता पुढं काय करायचं

रविवारी रात्री साडेदहाला फोन वाजला. "सर, काढलं." बाकी काही बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती. दुपारी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर त्याचा फुटबॉल संघ टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांवर, हरला तेव्हा मी तिथंच होतो. संघ बाहेर पडायच्या आत पायऱ्यांवर उभ्या असलेल्या, संघ चालवणाऱ्या मंडळाच्या चार माणसांनी ठरवून टाकलं होतं, हे मला लांबूनही दिसत होतं. हा पोरगा कधीकाळी माझ्याकडं चौदा वर्षांखालच्या संघात लेफ्ट बॅक खेळायचा. आता चौतिशीला आलाय, शाळेत क्रीडाशिक्षक आहे, आणि हे त्याचं पहिलं मोठं काम होतं.

मला स्वतःला दोनदा काढलंय. पहिल्यांदा सावरायला तीन वर्षं गेली, दुसऱ्यांदा तीन महिने. दुसऱ्या वेळी मी जास्त हुशार झालो होतो असं नाही, पहिल्या वेळच्या चुका फक्त परत केल्या नाहीत. त्याला फोनवर सांगितलं तेच इथं नीट लिहून ठेवतो. (युरोपात ज्याला मॅनेजर म्हणतात तो आपल्याकडचा कोच. आपल्याकडं मॅनेजर म्हणजे जर्सीची पिशवी आणि पाण्याचे कॅन सांभाळणारा माणूस, आणि त्याला कुणी काढत नाही.)

तर, आज रात्री स्टेटस ठेवायचं नाही. "वेळ सगळ्यांची येते", सिंहाचा फोटो, असलं काहीही नाही. मी ठेवलं होतं. वर्षभरानं दुसऱ्या एका संघाच्या बैठकीला गेलो तर तिथल्या सेक्रेटरीनं मोबाईल पुढं सरकवला. माझ्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट होता तो. "उद्या आमच्याबद्दलबी असंच लिहिणार काय?" म्हणाला. उत्तर नव्हतं माझ्याकडं.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. "तूच राजीनामा दे, म्हणजे तुझा मान राहील" असं कोणीतरी प्रेमानं सांगायला येईल. देऊ नको. युरोपातले कोच इतके हरूनही राजीनामा का देत नाहीत, हा प्रश्न मला पोरं नेहमी विचारतात. करार बाकी असताना क्लबनं काढलं तर भरपाई द्यावी लागते, स्वतःहून गेलं तर त्या पैशावर पाणी. आपल्याकडं करार नसतो, मानधन असतं, तेही निम्मं स्पर्धा संपल्यावर. म्हणून सकाळी शांत डोक्यानं सेक्रेटरीकडं जायचं, बाकी किती आहे ते त्याच्यासमोर वहीत लिहायचं आणि कामातून मोकळं केल्याचं दोन ओळींचं पत्र मागायचं. मी पहिल्या वेळी रागानं चाव्या टेबलावर आपटून आलो. दोन महिन्यांचं मानधन त्या चाव्यांबरोबर गेलं.

मग आठवडाभर फुटबॉल बंद. बायकोला सांग, तीही खूश होईल.

आठवड्यानं वही उघडायची. शेवटचे दहा सामने घे आणि प्रत्येक खाल्लेल्या गोलासमोर मिनिट लिही. कारण लिहू नको, नुसतं मिनिट. कारणं लिहायला बसलं की आपण रेफ्री, पाऊस, जखमी स्ट्रायकर असलं सगळं लिहून मोकळे होतो. माझ्या वहीत अकरापैकी सात गोल साठाव्या मिनिटानंतरचे निघाले. मी सामन्याच्या आदल्या दिवशी पोरांना पळवत होतो, त्यांचे पाय दुसऱ्या हाफमध्ये लाकूड होत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. ती एक गोष्ट कळायला मला नोकरी घालवावी लागली.

आता मुख्य मुद्दा. काढल्यानं कोच संपत नाही. काढल्यानंतर घाईत धरलेल्या दुसऱ्या कामानं संपतो. हे मी उनाई एमरी या स्पॅनिश कोचकडून शिकलो.

आपल्याकडं पोरं पेप आणि क्लॉप या जिंकणाऱ्या कोचांची नावं घेतात, ते ठीक आहे. पण त्या दोघांकडून काढलेल्या कोचनं काय शिकायचं? एमरी 2012 मध्ये स्पार्टाक मॉस्कोला गेला. रशियन येत नव्हतं, सगळं दुभाष्यामार्फत. नोव्हेंबरमध्ये शहरातल्याच दिनामोनं 5-1 असं धुतलं आणि त्याच दिवशी त्याला काढलं. दोन महिन्यांनी तो कुठं गेला? सेव्हियाला. स्वतःचा देश, स्वतःची भाषा, लीगच्या मध्यावर अडकलेला पण पाठीशी गर्दी असलेला क्लब. तिथं 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वेळा युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, जिंकली.

मग माणूस परत मोठ्या दिव्याकडं गेला. आधी पॅरिसचा पीएसजी क्लब, तिथं बार्सिलोनाला 4-0 हरवून परतीच्या सामन्यात 6-1 हार खाल्ली. पुढं 2018 मध्ये लंडनचा आर्सेनल, आधीचा कोच वेंगरच्या बावीस वर्षांनंतरची खुर्ची. पेठेतल्या जुन्या वस्तादानंतर तालीम सांभाळायला घेतो त्याची काय गत होते, आपल्याला माहीत आहे. त्याच्या इंग्रजी उच्चारांची टिंगल झाली. सात सामने विजय नाही, फ्रँकफर्टकडून घरच्या मैदानावर 2-1 हार, आणि दुसऱ्या दिवशी, 29 नोव्हेंबर 2019 ला, गच्छंती.

यावेळी तो आठ महिने थांबला. 2020 च्या जुलैमध्ये स्पेनमधला व्हियारेआल. साधारण पन्नास हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. त्या क्लबच्या कपाटात एकही मोठा कप नव्हता. पुढच्या मे महिन्यात ग्दान्स्कला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध फायनल, 1-1, मग टायब्रेकर 11-10. शेवटची पेनल्टी गोलकीपर रुल्लीनं स्वतः मारली आणि डे गेयाची अडवली. आणि सेमीफायनलला त्यांनी कुणाला बाहेर काढलं होतं? आर्सेनलला. मी त्या रात्री एकटाच हॉलमध्ये उभा राहून टाळ्या वाजवल्या.

सेव्हिया आणि व्हियारेआल, दोन्ही वेळचा नमुना बघ. दुभाष्या लागत नाही अशी भाषा. बारीकसारीक गोष्टींवर तासन्‌तास व्हिडिओ दाखवणारा कोच ज्यांना चालतो असे खेळाडू. आणि हरल्यावर लगेच गळा न धरणारा मालक. क्लबचं नाव किती मोठं, हा प्रश्न चौथा.

मला यापेक्षाही आवडतं ते पुढचं. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये सौदी पैसा नुकताच आलेल्या न्यूकॅसलनं त्याला बोलावलं. त्यानं नाही म्हटलं. वर्षभरानं अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबचं बोलावणं आलं तेव्हा हो म्हटलं. तेच इंग्लंड, त्याच भाषेतल्या पत्रकार परिषदा. पहिल्याच सामन्यात युनायटेडला 3-1 हरवलं. 2023-24 ला संघ इंग्लिश लीगमध्ये चौथा आला, आणि व्हिला 1983 नंतर पहिल्यांदा युरोपच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळायला पात्र ठरलं. ज्या देशात हसं झालं तिथं परत जायला हरकत नाही, पण मधे काहीतरी जिंकून जा.

घाईचं उदाहरण हवं तर डच कोच फ्रँक डी बोअर. 2016 मध्ये इंटर मिलाननं त्याला 85 दिवसांत काढलं. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसनं 77 दिवसांत. नेदरलँड्सच्या आयाक्सला सलग चार वेळा लीग जिंकून दिलेला माणूस हा. बिचाऱ्याला खेळाची समज नव्हती असं कोण म्हणेल? पण पॅलेसच्या पोरांना चेंडू खेळवत पुढं जायला शिकवायला वेळ लागणार होता, आणि वेळ त्याला कुणी दिला नव्हता. त्यानंही तो आधी मागून घेतला नसावा, असं आपलं मला वाटतं.

पण म्हणून थांबणं हा रामबाण उपाय समजू नको. इंग्लिश कोच ग्रॅहम पॉटर चेल्सीनं काढल्यावर जवळजवळ दोन वर्षं घरी बसला. 2025 च्या जानेवारीत वेस्ट हॅमला गेला आणि सप्टेंबरात तिथूनही निघाला. मग स्वीडनच्या राष्ट्रीय संघानं त्याला घेतलं. स्वीडनच का? कारण तिथल्या एस्टरशुंडसारख्या लहानशा गावाच्या संघाला त्यानं वर आणलं होतं, लोक त्याला ओळखत होते. जिथं तुझं काम डोळ्यानं पाहिलेली माणसं आहेत, तिथं दार आधी वाजव.

आता म्हणशील, सर, हे युरोपचं झालं. मग आपल्या खालिद जमील या कोचचं घे. सात मोसम मुंबई एफसी सांभाळली, कमी पैशात, कूपरेजच्या मैदानावर. 2016 मध्ये ते संपलं. तेव्हा तो गेला मिझोरामच्या आयझॉलला. आदल्या मोसमात खालच्या विभागात घसरलेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळं लीगमध्ये परत घेतलेला संघ. जाताना मुंबईत हाताखाली खेळलेली पोरं बरोबर नेली, आशुतोष मेहता, जयेश राणे. 2017 च्या एप्रिलमध्ये मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त घेऊन आयझॉल आय-लीग या देशपातळीवरच्या लीगचा विजेता झाला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरली. पुढं कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांत त्याला फार दिवस टिकता आलं नाही. नॉर्थईस्ट युनायटेड क्लबला तर आधी हंगामी कोच म्हणूनच बसवलं, आणि त्यानं संघ सेमीफायनलला नेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा मुख्य कोच झाला. "हंगामी" हा शब्द ऐकून नाक मुरडू नको, एवढं त्यातून घे.

यातून तुझ्यासाठी काम काय? तुझ्या हाताखालून गेलेली, तुझ्यासाठी सकाळी सहाला उठणारी चार पोरं कोण, त्यांची नावं लिही. चार निघाली नाहीत तर कोच म्हणून आपलं काय चुकलं ते वेगळं शोधायला नको.

मधल्या काळात रिकामा राहू नको. कोचिंगचं लायसन्स कुठवर आलंय बघ, ई, डी, सी, बी अशा चढत्या पायऱ्या असतात. ई आणि डी झालं असेल तर सी ला नाव घाल, सी असेल तर बी ची तयारी कर. आपल्याकडं पेठेतलं काम नावावर मिळतं, पण कोल्हापूरच्या बाहेर पहिला प्रश्न लायसन्सचाच येतो. लहान मुलांचा वर्ग घे. दुसऱ्याच्या हाताखाली सहायक व्हायची लाज वाटू देऊ नको. मी दुसऱ्या वेळी तेच केलं, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान कोचच्या हाताखाली. पहिले पंधरा दिवस जीभ चावून गप्प बसावं लागलं. पण आदल्या दिवशीची पळापळ कशी कमी करायची, ते त्याच्याकडं बघून शिकलो.

नवीन ठिकाणी बोलावणं आलं की जुन्या मंडळाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. ते विचारतील, मुद्दाम विचारतील. वहीतला तो मिनिटांचा तक्ता पुढं ठेव आणि स्वतःची चूक स्वतः सांग. समोरचा माणूस गडबडतो, कारण त्याला सबबी ऐकायची सवय असते. मग तू एकच प्रश्न विचार: "खेळणारे अकरा कोण ठरवणार?" उत्तर "तुम्हीच, पण..." असं आलं तर तो "पण" पूर्ण ऐकून घे. कोणाचा भाचा, कोणाची वर्गणी, कुठल्या गल्लीचा गोलकीपर, सगळं त्या एका शब्दात असतं. मान्य असेल तर हो म्हण. नसेल तर चहा पिऊन ये.

आणि काम मिळालं की पहिल्या दिवशी सगळं उलटंपालटं करू नको. इटालियन कोच रानिएरीला 2014 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसच्या राष्ट्रीय संघानं काढलं, फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यावर. आठ महिन्यांनी इंग्लंडच्या लेस्टर क्लबला गेला तेव्हा लोक हसले. पण त्यानं आधीच्या कोचचे सहायक तसेच ठेवले, पोरांच्या अंगात जो खेळ होता तोच खेळू दिला. गोल न खाता एक सामना काढला तर पिझ्झा देईन म्हणाला होता. तो सामना ऑक्टोबरमध्ये आला, मग पोरांना नेऊन पिझ्झा त्यांनाच बनवायला लावला. त्या मोसमात लेस्टर लीग विजेता. नऊ महिन्यांनी, 2017 च्या फेब्रुवारीत, त्यालाही काढलं. पण 2024 मध्ये 73 व्या वर्षी इटलीच्या रोमा क्लबनं त्याला निवृत्तीतून परत बोलावलं.

तू चौतीसचा आहेस.

मंगळवारी सकाळी सहाला गांधी मैदानावर ये. वही आण, दहा सामन्यांची. पेन मी आणतो, तुझं नेहमी संपलेलं असतं.