'आमचीच मंडळी खरी' हा दावा कसा तपासावा

इंदूरमध्ये ख्रिस्ती धर्माकडे गंभीरपणे पाहू लागलेल्या मराठी माणसापुढे एक अडचण फार लवकर उभी राहते. रेसिडेन्सीच्या काळातले व्हाइट चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चकडे आहे. लाल चर्च हे रोमन कॅथलिक बिशपांचे कॅथीड्रल आहे. कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेले ख्रिश्चन कॉलेज आजही चालू आहे. नोकरीनिमित्त आलेल्या केरळी कुटुंबांच्या आपापल्या प्राचीन परंपरा आहेत, आणि घरांत किंवा भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सभा आहेत. यांपैकी कोणाकडेही गेले, तरी आज ना उद्या कोणीतरी सांगते की ख्रिस्ताने मंडळी (म्हणजे चर्च) एकच स्थापली आणि ती आमची आहे. हे ऐकून गोंधळणाऱ्या, आणि तरीही खरे काय ते समजून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. मी स्वतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सभासद आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

सर्वप्रथम, असा दावा ऐकताच तो अहंकार म्हणून झटकून टाकू नये. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेशी जोडला जाणारा मतांगीकार (श्रद्धेचे ठरावीक निवेदन) 'एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय' मंडळीवर विश्वास ठेवतो, आणि तो मतांगीकार व्हाइट चर्च आणि लाल चर्च या दोन्ही ठिकाणच्या परंपरांचा आहे. मंडळी एकच असावी ही कल्पना अलीकडच्या कोणा कडव्या प्रचारकाने काढलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतो, तेथूनच ती आलेली आहे. 'सगळे पंथ सारखेच, कुठेही जा' हे आपल्याकडे फार सहज दिले जाणारे उत्तर उदार वाटते खरे, पण तेही एक मतच आहे आणि त्यालाही पुरावा मागितला पाहिजे.

यानंतरचे काम म्हणजे दावा नेमका काय आहे हे सांगणाऱ्याकडून पूर्ण वाक्यात वदवून घेणे आणि लिहून ठेवणे. 'आमची मंडळी खरी' एवढ्याने काहीच कळत नाही. बाकीच्या मंडळ्यांत ख्रिस्ताची कृपा मुळीच नाही असे म्हणायचे आहे, की ती तेथे आहे पण अपुरी आहे? जे बाहेर आहेत त्यांचे तारण होणार नाही, की होऊ शकते? हा दावा त्या मंडळीच्या अधिकृत दस्तऐवजात आहे, की त्या पाळकांचे ते वैयक्तिक मत आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण उत्साही अनुयायी बरेचदा स्वतःच्या मंडळीपेक्षाही पुढे जाऊन बोलतो.

रोमन कॅथलिक परंपरेचे उदाहरण याबाबतीत सविस्तर पाहण्यासारखे आहे. १३०२ साली पोप आठवे बोनिफेस यांनी 'उनाम सांक्ताम' या आज्ञापत्रात असे जाहीर केले की तारणासाठी प्रत्येक मनुष्याने रोमच्या पोपच्या अधीन असणे आवश्यक आहे. तेवढे एकच वाक्य वाचून पुष्कळ लोक, बाजूचेही आणि विरुद्धचेही, कॅथलिक शिकवणीविषयी निष्कर्ष काढून मोकळे होतात. परंतु विसाव्या शतकात बॉस्टनमधील लेनर्ड फीनी या मूळच्या जेझुइट धर्मगुरूंनी 'चर्चबाहेर तारण नाही' या वचनाचा असाच कडक अर्थ शिकवायला सुरुवात केली, तेव्हा रोमने १९४९ साली तो अर्थ नाकारला आणि बोलावूनही ते रोमला जाईनात म्हणून १९५३ साली त्यांना बहिष्कृत केले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ साली असे मांडले की ख्रिस्ताची एकमेव मंडळी पेत्राच्या वारसाच्या, म्हणजे पोपच्या, शासनाखालील कॅथलिक चर्चमध्ये टिकून आहे, मात्र तिच्या दृश्य सीमेबाहेरही पवित्रतेची आणि सत्याची अनेक अंगे आढळतात. २००० सालच्या 'दोमिनुस येझुस' या घोषणापत्राने त्याच भूमिकेची कडक बाजू पुन्हा सांगितली: ऑर्थोडॉक्स मंडळ्या खऱ्या मंडळ्या होत, पण ज्या समूहांत वैध बिशपपद आणि परिपूर्ण ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाचा संस्कार) राहिलेला नाही त्या नेमक्या अर्थाने मंडळ्या नव्हेत; त्यांतले बाप्तिस्मा झालेले लोक मात्र ख्रिस्ताशी जोडलेले आहेत. प्रोटेस्टंट या नात्याने मला हे वाचताना बोचते. तरीही 'कॅथलिक लोक आपल्याला ख्रिस्ती मानतच नाहीत' असे जे आमच्याकडे सर्रास बोलले जाते ते खरे नाही, हे मी सांगितलेच पाहिजे.

इतरांचे दावे थोडक्यात असे आहेत. ऑर्थोडॉक्स चर्च स्वतःलाच मतांगीकारातील ती एक मंडळी मानते आणि पोपच्या सर्वाधिकाराला नंतरची भर समजते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० साली ऑग्सबर्ग येथे सादर केलेल्या कबुलीजबाबानुसार जेथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तेथे मंडळी आहे. म्हणजे ती कोणत्याही एका संघटनेच्या नोंदवहीत मावत नाही. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेली मॉर्मन मंडळी आणि १९१४ साली फिलिपिन्समध्ये नोंदली गेलेली इग्लेसिया नी क्रिस्तो ही मंडळी यांचा दावा वेगळ्याच जातीचा आहे: प्रेषितांनंतर खरी मंडळी पृथ्वीवरून लोपली आणि ती आमच्याद्वारे पुन्हा उभी राहिली.

दावा लिहून झाला की एक साधा प्रश्न विचारावा, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत याहून प्रकाश पाडणारा प्रश्न नाही: 'दुसऱ्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला असेल, तर तुम्ही तो मानाल का?' शब्दांत कितीही नम्रता असली, तरी बाहेरच्यांविषयी मंडळीचे खरे मत काय आहे ते या प्रश्नाच्या उत्तरातून कळते. हा प्रश्न फार जुना आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचे म्हणणे होते की फुटून गेलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, म्हणून ते परत आले तर त्यांना नव्याने बाप्तिस्मा द्यावा. रोमचे बिशप स्टीफन यांचे म्हणणे होते की तो पुन्हा देऊ नये, हात ठेवून त्यांना स्वीकारावे. पुढे उत्तर आफ्रिकेतच डोनॅटिस्ट नावाचा पक्ष उभा राहिला. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले त्यांच्या हातचे संस्कार निष्फळ आहेत आणि निर्मळ मंडळी तेवढी आमचीच, असे तो पक्ष सांगे. बिशप ऑगस्टीन यांनी त्यांना दोन उत्तरे दिली. बाप्तिस्मा देणारा माणूस कसाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, त्या माणसाचा नव्हे, हे पहिले. आणि सर्व राष्ट्रांत पसरण्याचे वचन जिला मिळाले ती मंडळी आफ्रिकेच्या एका कोपऱ्यातच कशी उरेल, हे दुसरे. आजही कोणी 'आम्ही मूठभरच खरे' असे म्हणू लागला की मला हे दुसरे उत्तर आठवते.

आजची स्थिती अशी की, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च साधारणपणे मानते, मग तो प्रोटेस्टंट पाळकाने दिलेला का असेना. मॉर्मनांचा बाप्तिस्मा मात्र, शब्द सारखे असूनही देवाविषयीची समजूत मुळातच भिन्न असल्यामुळे, वैध नाही असे रोमने २००१ साली ठरवले. मॉर्मन मंडळीही इतर कोणाचा बाप्तिस्मा मानत नाही. बॅप्टिस्ट आणि पुष्कळ पेंटेकॉस्टल मंडळ्या लहानपणी झालेला बाप्तिस्मा धरत नाहीत, पण म्हणून बाल-बाप्तिस्मा झालेल्याला त्या ख्रिस्तीच समजत नाहीत असे नेहमीच नसते. तेथे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाल-बाप्तिस्मा आणि प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य आहेत.

प्रभुभोजनाच्या मेजाविषयीही असेच विचारावे. लाल चर्चमध्ये मिस्साला (कॅथलिक उपासनेला) कोणीही बसू शकतो, पण ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठी असतो. पाहुण्याने तो घेण्यासाठी पुढे जाऊ नये. यात अपमान मानू नये, कारण त्यांच्या दृष्टीने मेजावरचे ऐक्य हे श्रद्धेच्या ऐक्यानंतरच येते.

'आम्ही सर्वांत प्राचीन' हा युक्तिवाद पुढे आला की इतिहास उघडावा. प्राचीनतेला महत्त्व आहेच, सुमारे इ. स. १८० मध्ये आयरेनियस यांनी नव्या गुप्त शिकवणींना उत्तर देताना रोमच्या बिशपांची क्रमवार यादी दिली होती. अडचण अशी की प्राचीन परंपरा एक नाही. ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या धर्मसभेनंतर ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या प्रश्नावरून इजिप्तची कॉप्टिक, आर्मेनियाची आणि सीरियाची मंडळी वेगळ्या झाल्या. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ साली परस्परांवर बहिष्कार घातले. या सर्वांकडे प्रेषितांपर्यंत नेलेल्या वंशावळी आहेत आणि तरीही रोम, कॉन्स्टँटिनोपल आणि खाल्सेदोननंतर वेगळ्या झालेल्या मंडळ्या हे तीन गट एकमेकांच्या मेजाला बसत नाहीत. म्हणून केवळ वंशावळ दाखवून वाद मिटत नाही. भारताबाहेर जाण्याचीही गरज नाही: संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या केरळमधील ख्रिस्ती लोकांनी १६५३ साली मट्टनचेरी येथे कूनन क्रूसाची शपथ घेऊन पोर्तुगीज वर्चस्व झुगारले, आणि त्यानंतरच्या फाटाफुटीतून आजच्या अनेक मंडळ्या आल्या. त्यांतली सिरो-मलबार मंडळी पोपला मानते. उज्जैनचे कॅथलिक बिशपक्षेत्र तिचेच आहे, तर इंदूरचे लॅटिन पद्धतीचे. या दोन शहरांत अंतर तास-दीड तासाचे, पोप एकच आणि उपासनापद्धती दोन. एक मंडळी म्हणजे एकच साचा, असे कॅथलिक चर्चही मानत नाही हे यावरून ध्यानी यावे.

जुन्या भांडणांची आजची अवस्थाही पाहिली पाहिजे, कारण पत्रके वाटणारे ती बहुधा सांगत नाहीत. १०५४ चे बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (प्रमुख बिशप) अथेनागोरस यांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतले, जरी मेजाचे ऐक्य अजून झालेले नाही. कॉप्टिक मंडळीचे प्रमुख पोप तिसरे शेनूदा यांच्याबरोबर १९७३ साली पोप पॉल यांचे ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी संयुक्त निवेदन निघाले. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या ज्या प्रश्नावर ल्यूथर आणि रोम वेगळे झाले, त्यावर लुथरन आणि कॅथलिकांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.

मंडळी लोप पावून पुन्हा स्थापन झाली असे सांगणाऱ्यांना विचारायचा प्रश्न निराळा आहे. ती केव्हा लोपली? नव्या कराराची नेमकी सत्तावीस पुस्तके नावानिशी सांगणारी पहिली उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. मंडळी त्याआधीच नष्ट झाली असेल, तर नष्ट झालेल्या मंडळीने जपून ठेवलेला ग्रंथसंग्रह आपण कोणत्या आधारावर स्वीकारतो? या प्रश्नाला विचारपूर्वक उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचे ऐकावे.

हाच प्रश्न आम्हा प्रोटेस्टंटांनाही सौम्य रूपात लागू पडतो. 'आम्ही फक्त बायबल मानतो' असे म्हणणाऱ्याला १५२९ सालची मारबुर्ग येथील भेट दाखवावी: ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक त्स्विंग्ली दोघेही बायबलच मानत होते, पंधरांपैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले, आणि प्रभुभोजनाच्या एका मुद्द्यावर ते वेगळे झाले. आमच्यातले ऐक्य आपोआप आले नाही. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा प्रवाहांनी अनेक दशकांच्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापले, आणि तेव्हाही मेथडिस्टांचा मोठा अमेरिकी प्रवाह बाहेरच राहिला.

मराठी वाचकाने आपल्याच दोन पूर्वसूरींकडेही पाहावे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लगेचच तेथील वडीलधाऱ्या सिस्टरांशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, कारण माणसांच्या अधिकारापुढे आपला विवेक बांधून देण्यास त्या तयार नव्हत्या. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये वर्षानुवर्षे राहिले, आणि १९१७ साली मिशनचे काम सोडून बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तशिष्यांसाठी 'देवाचा दरबार' उभारू लागले. दोनच वर्षांनी ते वारले. या दोघांनाही पंथ अपुरे वाटले, पण दोघांनीही मंडळीची गरज नाकारली नाही. रमाबाईंनी केडगावला एक समाजच वसवला.

प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी काही सूचना. एखाद्या रविवारी जाऊन मत बनवू नये. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण सोडून साध्या रविवारी, पुन्हा पुन्हा जावे. उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत असते, म्हणून घरी मराठी बायबलमध्ये तो उतारा आधी वाचून जावा. पाळकांना किंवा फादरांना उपासनेनंतरच्या गर्दीत न गाठता वेळ मागून भेटावे, आणि दुसऱ्या पंथाविषयी जे ऐकले ते त्या पंथाच्या माणसाकडून पडताळून घ्यावे. जो दुसरीकडे विचारायलाच मनाई करतो, निर्णयासाठी आजचाच दिवस देतो, किंवा सोडून गेलेल्यांशी नाते तोडायला लावतो, त्याच्याकडे दावा तपासण्यापुरतेही एकट्याने जाऊ नये. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्यावे. आणि एका मंडळीतून दुसरीत जाण्याचे ठरले, तर आधीच्या पाळकांना स्वतः भेटून कारणासह सांगावे, तसेच बाप्तिस्म्याचा दाखला मागून घ्यावा, कारण नवी मंडळी तो मानणार असेल तर सर्वांत आधी तोच मागेल.