तिचे हात, माझे डोळे आणि एक गाठोडं

नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांकांच्या सरकारी प्रेसमध्ये मी ३१ वर्षं काढली. तिथे कागदाचा एकेक ताव मोजून हातात यायचा आणि मोजूनच परत जायचा. सुईशी माझा संबंध शर्टाच्या तुटलेल्या बटणापुरता, तेही ही लावून द्यायची. हिनं घरी बसून चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. आता हिच्या बोटांची पेरं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. माझा मोतीबिंदू काढल्यापासून मला लख्ख दिसतं, पण हातात कला शून्य. मग आम्ही वाटणी केली. फाडणं, कापणं, सुया ओवणं, गाठ ओढणं माझ्याकडे. रंग जुळवणं, टाके घालणं आणि मला बोलणं हिच्याकडे. दोघं मिळून एक शिंपी होतो.

गेल्या तीन वर्षांत जुन्या कापडातून घरच्या वस्तू करताना जे जमलं ते सांगतो. फसलेलंही सांगतो, ते जास्त उपयोगी पडेल.

गाठोडं प्रत्येक घरात असतंच. बोहारणीच्या तावडीतून सुटलेल्या साड्या, परकर, विरलेली चादर, ब्लाउजपिसांचं कातरण. कमी पडलं तर गल्लीतल्या लेडीज टेलरला विचारा, पिशवीभर देईल. त्याचा केर जातो. आधी सगळं धुऊन वाळवा. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, लाल-किरमिजी तर रंगही सोडतं. मी न धुता केलेली पहिली वस्तू धुतल्यावर पापडासारखी वाकडी झाली.

मग तीन ढीग करा: सुती, पॉलिस्टर आणि रेशमी. हात लावून कळत नसेल तर बोटभर दोरा काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. हे करायचं कारण पुढे येईल. रेशमी ढिगाला मला हात लावायची मुभा नाही. हिचं माहेर येवल्याचं, पैठणीचा वीतभर काठ दिसला तरी तो कपाटात जातो.

एक सल्ला फुकटचा: बागलाणातल्या आमच्या नातेवाइकांनी डाळिंबाच्या बागेवर उन्हाच्या आडोशाला टाकलेल्या साड्यांचं भलं मोठं गाठोडं प्रेमानं पाठवलं होतं. वर्षभर ऊन खाल्लेलं कापड. ओढलं की टरकन फाटायचं. असं कापड कितीही सुंदर दिसलं तरी त्याच्यावर वेळ घालवू नका.

सुरुवात करा चुंबळीपासून. आमच्या लहानपणी बायका डोक्यावर हंडा घ्यायच्या तेव्हा खाली कापडाची चुंबळ असायची. ही तिचीच चपटी बहीण, गरम पातेल्याखाली ठेवायची. यात टाके कमी आणि वेणी जास्त, म्हणून दुखऱ्या बोटांना सोपी. इथे फक्त सुती ढिगातलं कापड घ्या. पॉलिस्टरवर तापलेलं पातेलं ठेवलं तर कापड वितळून बुडाला चिकटतं.

जुन्या सुती साडीला दोन-दोन इंचांवर कात्रीनं छोटे काप द्या आणि लांबीच्या दिशेनं फाडत जा. सुती कापड दोऱ्याच्या ओळीत सरळ फाटतं, कापायची गरजच नाही. फाडताना बारीक तूस उडतं, नाकाला रुमाल बांधा. सात-सात फुटांच्या तीन पट्ट्या पुरतात. लांब पट्टी नसेल तर शिवायला बसू नका: दोन्ही पट्ट्यांच्या टोकाशी बोटभर आत छोटी चीर पाडा, पहिलीचं टोक दुसरीच्या चिरेतून ओढून घ्या, मग दुसरीचं मागचं टोक पहिलीच्या चिरेतून काढून ओढा. टाका न घालता जोड बसतो.

तिन्ही पट्ट्या एकत्र बांधून खिडकीच्या गजाला अडकवा आणि समोर खुर्ची टाकून वेणी घाला. घट्ट आवळायची नाही. सैलसर वेणी बोटांनाही बरी आणि पातेल्याखाली जाडही राहते. साधारण पाच फूट वेणी तयार होते. ती टेबलावर सपाट ठेवून आतून बाहेर जिलबीसारखी गुंडाळत जा आणि शेजारच्या दोन कडांना गोधडीच्या सुईनं जाड दोऱ्याचे टाके घाला. सात इंचांच्या आसपास चुंबळ होते.

इथेच माझी पहिली चूक झाली. मी ती मांडीवर घेऊन, टाका ओढून ओढून शिवली. कडा वर उचलल्या आणि चुंबळीची दुरडी झाली. वळणावर वेणीला थोडी ढील द्यावी लागते आणि काम टेबलावरून उचलायचं नसतं. ती दुरडी हिनं फेकू दिली नाही, तिच्यात आता आमच्या गोळ्यांची पाकिटं असतात.

हीच वेणी वाढवून पायपुसणं करता येतं, पण आम्ही करत नाही. गुळगुळीत फरशीवर सुटं पायपुसणं सरकतं, आणि आमच्या वयात मांडीचं हाड मोडणं परवडत नाही. कुणी हौसेनं मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो.

दुसरं काम चुण्यांच्या फुलांचं, आणि हे हिचं लाडकं. कापडावर वाटी उपडी ठेवून चार इंचांचा गोल आखायचा आणि कापायचा. कड पाव इंच आत दुमडत दुमडत भोवताली धावदोरा घालायचा, दोरा ओढायचा, की गोलाची पिशवी आवळून चपटं फूल होतं, दोन इंचांपेक्षा थोडं लहान. वरून दाबा, गाठ मारा, झालं. गंमत अशी की यात बारीक टाका वाईट! टाके बारीक घातले तर मध्ये मोठं भोक राहतं. मोठे घातले तर चुण्या नीट मिटतात. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांचं काम उलट जास्त देखणं होतं. हे कळलं तेव्हा ही, जिनं आयुष्यभर लोकांचे ठिगळासारखे टाके उसवले, दोन दिवस गप्प होती.

दोरा दुहेरी घ्या, ओढताना तुटत नाही. आम्ही २१ फुलं जाड नाडीवर टाचून दसऱ्याला दाराला तोरण बांधलं. नाडीसाठी बुधवारी गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) बाजारात गेलो होतो. ते एक निमित्त, खरं काम भाजीचं.

तिसरी वस्तू वॉकरला लावायची पिशवी. जुन्या पँटचा पाय खालून फूटभर कापा. पायाची मूळची दुमड पिशवीचं तोंड होतं, म्हणजे ते शिवायला नको. कापलेली बाजू उलटून टीप मारली की तळ झाला. तोंडाशी मागच्या बाजूला नाडीचे चार बंद लावून वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला बांधा. बंद आखूड ठेवा, लोंबले तर पायात येतात. चष्मा, मोबाइल, रुमाल एवढंच आत. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी तिच्यात पाण्याची बाटली कोंबली आणि वॉकर पुढे झुकायला लागला. तेव्हापासून मी पिशवी मुद्दाम लहान करतो.

आता हत्यारांचं. सुई मोठ्या नेढ्याची घ्या. शिवणाच्या सामानाच्या दुकानात सुई ओवायला पत्र्याच्या चकतीला बारीक तारेचा फास लावलेलं साधन मिळतं, स्वस्त आहे, दोन घेऊन ठेवा. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. जाड कापडातून सुई बाहेर येत नसेल तर फुटक्या फुग्याचा तुकडा बोटात धरून ओढा, पकड बसते. पांढऱ्या कापडावर काम असेल तर मांडीवर गडद टॉवेल घ्या. उजव्या हातानं शिवत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. आणि वीस मिनिटं झाली की उठा, बोटं कोमट पाण्यात बुडवा, चहा करा.

मी सकाळच्या उन्हात दहा सुया ओवून सुया टोचायच्या उशीला टोचून ठेवतो, म्हणजे हिला दिवसभर माझी वाट बघावी लागत नाही. संध्याकाळी मोजून घेतो. प्रेसची सवय. गेल्या मंगळवारी नऊच भरल्या. पलंग हलवला, चुंबकाची पट्टी फरशीवर फिरवली, हिला तीनदा उठवलं. शेवटी हिनंच माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बोट दाखवलं.